रायपूरचा कायदा, दिल्लीची सही

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद भिलाईत आले होते. सोव्हिएत रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी त्या दिवशी त्यांच्या हस्ते सुरू झाली. त्याआधी चार वर्षं, 1955 च्या फेब्रुवारीत, या कारखान्याचा करार झाला तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी होती नागपूर. म्हणजे भिलाईचा कारखाना कागदावर उतरला तेव्हा दुर्गचा शेतकरी आणि वर्ध्याचा शेतकरी एकाच विधानसभेच्या कायद्याखाली राहत होते. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत वाटा वेगळ्या झाल्या. पुढे 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड झालं आणि भिलाईसाठी कायदे करणारं गाव भोपाळऐवजी रायपूर झालं.

या प्रकरणाचा प्रश्न साधा आहे. रायपूरच्या, किंवा मुंबईच्या, विधानसभेने नागरिकाच्या मूलभूत हक्कांना बगल देणारा कायदा केला तर दिल्लीला तो अडवता येतो का? आणि येत असेल, तर दिल्ली तो अडवते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेत आहे. दुसऱ्याचं उत्तर घटनेत नाही. ते शोधायला भिलाईइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

सुरुवात राजेंद्रबाबूंपासूनच करू. भिलाईला येण्याच्या नऊ वर्षं आधी त्यांच्यासमोर बिहारचं जमीन सुधारणा विधेयक आलं होतं. जमीनदारी काढून घेणारा हा कायदा बिहारच्या विधिमंडळाने केला होता आणि राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय तो लागू होणार नव्हता. राजेंद्रबाबूंच्या मनात शंका होत्या, त्या त्यांनी नेहरूंना कळवल्याही होत्या. मंत्रिमंडळ ठाम राहिलं आणि सप्टेंबर 1950 मध्ये त्यांनी सही केली. ही घटना नीट लक्षात ठेवा. प्रजासत्ताकाला पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं, आणि तेव्हाच ठरून गेलं की ‘राष्ट्रपतींची संमती’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ ‘केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती’ असाच आहे.

सही झाली, पण कायदा टिकला नाही. 12 मार्च 1951 ला पाटणा उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मोठ्या जमीनदाराला कमी दराने आणि लहान जमीनदाराला जास्त दराने भरपाई, हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायालय म्हणालं. तीन महिन्यांत, 18 जून 1951 ला, संसदेने घटनेची पहिली दुरुस्ती केली. तिच्यातून 31-ख हा अनुच्छेद आणि नववी अनुसूची जन्माला आली. या अनुसूचीत ज्या कायद्याचं नाव घातलं जाईल त्याला मूलभूत हक्कांच्या नावाने आव्हान देता येणार नाही, अशी ती तरतूद. पहिल्या फेरीत 13 कायदे गेले. बिहारचा पहिला. सहावा मुंबई राज्याचा खोती निर्मूलन कायदा, ज्या खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकर कोकणात लढले होते. सातवा परगणा आणि कुलकर्णी वतनं संपवणारा. आणि आठवा मध्य प्रदेशचा, ज्याने दुर्ग-रायपूर पट्ट्यातली मालगुजारी संपवली. ज्या मातीवर पुढे भिलाईच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, तिथल्या शेतकऱ्याला मालगुजारापासून सोडवणारा कायदा हक्कांच्या कक्षेबाहेर नेऊनच वाचवावा लागला.

म्हणून या विषयात ‘हक्कांना बगल’ हे शब्द ऐकले की लगेच वाईट असं समजू नये. 1951 साली बगल दिली गेली ती कुळासाठी. ती वाट पुढे कोण कशासाठी वापरेल, हा प्रश्न मात्र तेव्हाच उभा राहिला.

आता कुलूपकिल्लीची रचना पाहू. विधानसभेने विधेयक मंजूर केलं की ते राज्यपालांकडे जातं. अनुच्छेद 200 प्रमाणे राज्यपाल सही करतात, किंवा पुनर्विचारासाठी परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. राज्यपालांना नेमतं केंद्र. राखून ठेवलेलं विधेयक दिल्लीला गेलं की अनुच्छेद 201 लागू होतो. राष्ट्रपती संमती देतात, नाकारतात, किंवा राज्याला पुन्हा विचार करायला सांगतात. विधानसभेने सहा महिन्यांच्या आत तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं तरी राष्ट्रपतींवर सहीचं बंधन नाही. राज्यपालांनी परत पाठवलेलं विधेयक विधानसभेने पुन्हा मंजूर केलं तर त्यांना संमती अडवून धरता येत नाही, राष्ट्रपतींना येते. एवढा मोठा अधिकार दिल्लीच्या हाती आहे.

दुसरी वाट समवर्ती सूचीची. फौजदारी कायदा, कामगार, शिक्षण अशा विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. दोघांत विसंगती आली तर केंद्राचा कायदा वर. पण अनुच्छेद 254 (2) प्रमाणे राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. अशी संमती मिळालेला कायदाही संसदेला पुढे दुरुस्त करता येतो किंवा रद्द करता येतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो शिकलेल्या माणसांतही आढळतो. राष्ट्रपतींची सही झाली म्हणजे कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीतून सुटला, असं नाही. अनुच्छेद 13 सांगतो की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता निरर्थक. ही कसोटी न्यायालय लावतं, दिल्लीची सही असो वा नसो. बिहारच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही होतीच ना!

विधेयक राखून ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडे आली 1935 च्या भारत सरकार कायद्यातून, आणि तिचं मूळ ब्रिटिश वसाहतींच्या कारभारात, विशेषतः कॅनडात आहे. कॅनडाच्या 1867 च्या घटनेने तिथल्या केंद्र सरकारला आणखी मोठं हत्यार दिलं होतं: प्रांताने केलेला, सही होऊन अमलात आलेला कायदासुद्धा ठरावीक मुदतीत रद्द करण्याचं. ते 112 वेळा वापरलं गेलं आणि शेवटचं 1943 मध्ये. परकीय शत्रुराष्ट्रांचे नागरिक आणि हटेराइट या धार्मिक पंथाचे लोक यांना जमीन विकू नये, असा कायदा आल्बर्टा प्रांताने केला होता. ओटावाने तो मोडीत काढला. त्यानंतर ते हत्यार म्यानातच आहे. 1982 च्या हक्कांच्या सनदेत मात्र उलटी सोय आली. तिच्या 33 व्या कलमानुसार प्रांताचं विधिमंडळ उघडपणे जाहीर करू शकतं की सनदेतल्या काही हक्कांना न जुमानता हा कायदा चालेल. मुदत पाच वर्षं, मग पुन्हा तसंच जाहीर करावं लागतं. क्वेबेकने 2019 मध्ये शिक्षक, पोलीस अशा सरकारी नोकरांना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली, ती याच कलमाच्या आधारे. तेव्हापासून तिथे विचारलं जातंय की केंद्राने जुनं हत्यार पुन्हा बाहेर काढावं का.

आपल्या घटनाकारांनी राखून ठेवणं घेतलं, पण सहीनंतर रद्द करणं घेतलं नाही. म्हणून भारतात राज्यपालांची सही झाली, कायदा राजपत्रात छापून आला, की दिल्लीचं सरकार केवळ आदेश काढून तो पुसू शकत नाही. दिल्लीची वेळ असते ती सहीच्या आधीची. तेवढीच.

आता भिलाईकडे वळू. कारखान्याला लोहखनिज येतं नव्वदेक किलोमीटरवरच्या दल्ली राजहराच्या खाणींतून. त्या खाणींत कंत्राटी मजुरांची संघटना शंकर गुहा नियोगींनी बांधली. मजुरांनी 1983 मध्ये वर्गणी आणि श्रमदानातून स्वतःचं शहीद हॉस्पिटल उभं केलं. नियोगींनी नंतर भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांमध्ये काम सुरू केलं आणि 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतल्या त्यांच्या घरात, झोपेत असताना, खिडकीतून गोळी घालून त्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी, 1 जुलै 1992 ला, कामगार भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसले. हावडा-मुंबई मार्ग बंद पडला. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंधराहून अधिक कामगार मेले. आजही दर 1 जुलैला त्या स्थानकाशी त्यांचे सहकारी जमतात.

शहीद हॉस्पिटलच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे काम केलेल्या डॉक्टरांपैकी एक म्हणजे बिनायक सेन. त्यांचं नाव पुढे एका कायद्याशी कायमचं जोडलं गेलं.

तो कायदा म्हणजे छत्तीसगड विशेष जनसुरक्षा अधिनियम, 2005. विधानसभेने तो डिसेंबर 2005 मध्ये मंजूर केला. बस्तरमध्ये माओवाद्यांचा हिंसाचार वाढला होता, माणसं मरत होती, आणि सरकारला कडक कायदा हवा होता; ती गरज खोटी नव्हती. पण कायद्याचा खरा अर्थ त्याच्या व्याख्येत असतो. या कायद्यात ‘बेकायदा कृत्य’ कशाला म्हणायचं ते वाचा. हिंसाचार, शस्त्रं, स्फोटकं, रेल्वे वा रस्त्यावरची वाहतूक मोडणं हे आहेच. त्याबरोबर सार्वजनिक सुव्यवस्था, शांतता यांना धोका निर्माण करणारं कृत्य आहे, कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्याकडे कल असणारं कृत्य आहे, आणि प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा प्रचार करणंही आहे. कृत्य बोलून केलेलं, लिहून केलेलं किंवा खुणेने केलेलं, सगळं चालतं. ज्या देशात मिठाचा कायदा मोडणं शाळेत अभिमानाने शिकवलं जातं, तिथे ‘अवज्ञेचा प्रचार’ हा शब्द किती लांब पोचतो हे सांगायला वकील नको. 1992 च्या त्या दुपारी रुळांवर बसलेली प्रत्येक बाई आणि प्रत्येक माणूस या व्याख्येत बसला असता. पाण्याची बादली घेऊन त्यांच्याकडे गेलेला शेजारीही अडचणीत आला असता, कारण बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सदस्य नसतानाही तिला मदत केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सदस्याला तीन. आणि बेकायदा कृत्य केलं, त्याला चिथावणी दिली किंवा त्याचा बेत आखला तर सात.

हे विधेयक दिल्लीला गेलं. आपण वर पाहिलेला सहीच्या आधीचा क्षण तो हाच होता. भाषणाचं, संघटनेचं, व्यक्तिस्वातंत्र्याचं असे तीन मूलभूत हक्क एकाच विधेयकाने आवळले जात होते. रायपूरमध्ये भाजपचं सरकार, दिल्लीत काँग्रेसच्या नेतृत्वाखालची आघाडी. अडवण्याचा अधिकार होता, राजकीय विरोधही होता. तरी 2006 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कायदा लागू झाला. 14 मे 2007 ला बिनायक सेन यांना बिलासपूरमध्ये अटक झाली. 24 डिसेंबर 2010 ला रायपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना राजद्रोहाखाली जन्मठेप दिली. या अधिनियमाखालच्या शिक्षा त्याबरोबर होत्या. 15 एप्रिल 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. अटक आणि हा जामीन यांच्यात जवळपास चार वर्षं गेली.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचतं ते दिल्लीच्या सहीचं सहजपण. नागरिकाला वाटतं की दोन सरकारं असली, दोन्हीकडे वेगवेगळे पक्ष असले, तर एक दुसऱ्यावर नजर ठेवेल. हा भरवसा संघराज्याच्या कल्पनेतच आहे. पण दोन्ही सरकारांना एकाच गोष्टीची भीती वाटत असली की ती नजर मिटते.

उलट उदाहरणही आहे, आणि त्यात महाराष्ट्र येतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का महाराष्ट्राने 1999 मध्ये केला. पोलीस अधीक्षक वा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालेल, अशी तरतूद त्यात आहे. आपल्या सर्वसाधारण पुरावा कायद्यात पोलिसांसमोरच्या कबुलीला किंमत नाही, कारण ती कशी मिळवली जाते हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. या मोक्काला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गुजरातने त्याच धर्तीचं विधेयक 2003 मध्ये केलं. 2004 मध्ये ते परत आलं, दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या कलमावर आक्षेप घेऊन. गुजरातने पुन्हा पाठवलं. 2009 मध्ये केंद्राने पोलिसांसमोरच्या कबुलीचं कलम काढा असा आग्रह धरला आणि ते पुन्हा परत गेलं. तेव्हा राष्ट्रपती होत्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. 2015 मध्ये गुजरातने ते नव्या नावाने मंजूर केलं आणि नोव्हेंबर 2019 मध्ये, कबुलीच्या कलमासकट, राष्ट्रपतींची संमती मिळाली. मधल्या दहा वर्षांत आरोपीचे हक्क बदलले नव्हते, पोलीस कोठडी बदलली नव्हती. बदललं होतं दिल्लीचं सरकार. त्या कलमाला 2009 मध्ये घेतलेला आक्षेप योग्यच होता असं माझं मत आहे; पण जे गुजरातमध्ये हक्कांचा भंग होतं ते त्याच वेळी पुण्याच्या येरवड्यातल्या आरोपीला कसं चालत होतं, याचं उत्तर मला आजवर कुठे मिळालेलं नाही.

छत्तीसगडमध्ये तर याहून पुढची गोष्ट घडली. 2005 मध्ये सुरू झालेल्या सलवा जुडूम या मोहिमेच्या काळात आदिवासी तरुणांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमून, थोड्या मानधनावर, हातात बंदूक देऊन माओवाद्यांविरुद्ध उभं केलं गेलं. पाचवी शिकलेली पोरं होती ती. प्राध्यापक नंदिनी सुंदर आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 5 जुलै 2011 ला न्या. बी. सुदर्शन रेड्डी आणि न्या. एस. एस. निज्जर यांनी निकाल दिला: अशा नेमणुका समानतेच्या आणि जीविताच्या हक्काविरुद्ध आहेत, बंदुका परत घ्या. त्याच निकालात केंद्र सरकारलाही आदेश होता. या नेमणुकांसाठी केंद्राचा पैसा वापरणं ताबडतोब थांबवा, असा. म्हणजे ज्या दिल्लीने राज्याला रोखावं अशी आपली अपेक्षा, तिच्याच तिजोरीतून मानधन जात होतं.

मग राज्याने काय केलं? त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा नवा कायदा केला आणि त्या तरुणांना त्यात सामावून घेतलं. हा न्यायालयाचा अवमान आहे अशी याचिका झाली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विधिमंडळाने कायदा करणं हा स्वतःहून अवमान होत नाही. कायदा घटनाबाह्य वाटत असेल तर त्याला वेगळं आव्हान द्या. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. दंतेवाड्याच्या गावात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढा.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, जिथे दिल्लीचा माणूस अडवून बसला. छत्तीसगडने आरक्षण 58 टक्क्यांवर नेलं होतं. 19 सप्टेंबर 2022 ला बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडायला पुरेसं कारण दाखवलेलं नाही म्हणून. राज्याने 2 डिसेंबर 2022 ला विशेष अधिवेशनात नवी विधेयकं मंजूर केली: अनुसूचित जमाती 32, इतर मागास 27, अनुसूचित जाती 13, आर्थिक दुर्बल 4. बेरीज 76. त्याच अधिवेशनात ठरावही झाला की केंद्राने हा कायदा नवव्या अनुसूचीत घालावा. 1951 ची ती वाट पुन्हा समोर आली. तमिळनाडूने हेच केलं होतं. 69 टक्क्यांच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि 1994 मध्ये 76 व्या घटनादुरुस्तीने तो नवव्या अनुसूचीत बसवला. आपल्याकडे मराठा आरक्षणाच्या वेळी ‘तमिळनाडूसारखं करा’ ही मागणी याच आधाराने होते. पण ती वाट आता पूर्वीसारखी सुरक्षित नाही. 11 जानेवारी 2007 च्या कोएल्हो खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की 24 एप्रिल 1973 नंतर नवव्या अनुसूचीत गेलेला कायदाही घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासला जाईल.

छत्तीसगडची विधेयकं तिथवर पोचलीच नाहीत. राज्यपाल अनुसुइया उइके यांनी सही केली नाही, सरकारला प्रश्न विचारले. सरकारने उत्तरं दिली. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांची बदली मणिपूरला झाली, नवे राज्यपाल आले, विधेयकं राजभवनातच राहिली. 1 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती देऊन 58 टक्क्यांनी भरती करायला मोकळीक दिली. भिलाईत स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांचा मोठा व्यवसाय आहे. त्या महिन्यांत तिथल्या मुलांना भरतीची जाहिरात कोणत्या टक्क्याने निघणार हेच कळत नव्हतं.

दोन विधेयकं शेजारी ठेवून पाहा. 2005 चं विधेयक हक्क आवळणारं, ते सहीसकट सुटलं. 2022 चं विधेयक हक्क वाढवू पाहणारं, निदान तसा दावा करणारं, ते नाही मंजूर, नाही नामंजूर, असं टांगून राहिलं. 76 टक्के योग्य की अयोग्य यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण कारणासह नकार दिला असता तर लोकांना आणि न्यायालयाला त्यावर बोलता आलं असतं. सहीच न करणं यावर कुणाशी भांडायचं?

हाच प्रश्न तमिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयात गेला. 8 एप्रिल 2025 ला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपाल आणि राष्ट्रपतींसाठी मुदती ठरवल्या आणि दहा विधेयकांना संमती मिळाली असं मानलं. राष्ट्रपतींनी त्यावर न्यायालयाचं मत मागवलं. 20 नोव्हेंबर 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी मत दिलं. मत असं: न्यायालय मुदत घालू शकत नाही, मानीव संमती घटनेत बसत नाही, पण राज्यपालांना विधेयक अनिश्चित काळ दाबून ठेवता येणार नाही, आणि कारणाशिवाय फार लांबण लागली तर न्यायालय त्यांना निर्णय घ्या एवढं सांगू शकतं. काय निर्णय घ्या, हे नाही.

एक अधिकार मात्र असा आहे की ज्याची चर्चा फार होत नाही आणि व्हायला हवी. पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदानुसार राज्यपाल साध्या अधिसूचनेने सांगू शकतात की संसदेचा किंवा राज्याचा अमुक कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होणार नाही, किंवा बदल करून लागू होईल. दल्ली राजहराचा डोंगराळ पट्टा, सगळा बस्तर, आपल्याकडचा गडचिरोली-नंदुरबारचा मोठा भाग या क्षेत्रात येतो. महाराष्ट्रात 2020 मध्ये याच अधिकाराने वनहक्क कायद्यात बदल झाला आणि दावा फेटाळला गेलेल्या आदिवासीला जिल्हा समितीच्या निर्णयावर अपील करण्याची सोय मिळाली. हक्कांच्या बाजूने वापरलेला हा अधिकार पाहिला की बरं वाटतं, आणि तो इतका क्वचित का वापरला जातो याचं वाईट वाटतं.

छत्तीसगडनेच आणखी एक गोष्ट दाखवली आहे. डिसेंबर 2017 मध्ये विधानसभेने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती मंजूर केली. आदिवासींची जमीन सहमतीने थेट सरकारला विकत घेता येईल, अशी. आदिवासी समाज रस्त्यावर आला, सत्ताधारी पक्षातले आदिवासी नेतेही अस्वस्थ झाले, आणि जानेवारी 2018 मध्ये सरकारने ती मागे घेतली. न्यायालयाचा निकाल नाही, दिल्लीचा आदेश नाही. विधेयक अजून पक्कं झालेलं नव्हतं, तेवढ्यात लोकांनी ते वाचलं होतं.

महाराष्ट्रात जुलै 2025 मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्याचं नाव आणि सांगाडा छत्तीसगडच्या कायद्याशी मिळताजुळता आहे. संयुक्त समितीकडे त्यावर 12 हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असा जो मोकळा रोख होता तो काहीसा आवळून कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांपुरता आणला गेला. पुरेसा आवळला का, यावर वाद आहे; पण जो बदल झाला तो सूचना पाठवणाऱ्यांमुळे झाला.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या राज्यात असा कायदा येतोय असं ऐकलं तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून विधेयकाची प्रत उतरवून घ्या आणि सगळ्यात आधी दुसरं कलम वाचा. व्याख्या बहुधा तिथेच असतात. सूचना मागवल्या असतील तर पाठवा, तारीख उलटायच्या आत. राजपत्रात छापून आल्यावर उरतं ते न्यायालय, आणि भिलाईपासून बिलासपूरचं उच्च न्यायालय रेल्वेने तीन तासांवर असलं तरी तिथला निकाल मिळायला वर्षं लागतात.